छोट्या न्यूज स्टुडिओसाठी टॅबलेट प्रॉम्प्टर: काच पास, रिमोट नापास

मोठ्या वाहिनीत अँकर वाचतो आणि मजकूर दुसराच कुणीतरी सरकवतो. स्थानिक वाहिनीत ही दोन्ही कामं बहुतेक वेळा एकाच माणसावर येतात. सकाळी बातमी आणायची, दुपारी ती लिहायची, बाइट (कुणाच्या बोलण्याचे छोटे तुकडे) कापून द्यायचे आणि संध्याकाळी बुलेटिन वाचता वाचता टेबलाखालच्या हाताने मजकूरही पुढे न्यायचा. म्हणून टॅबलेट प्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या तिरप्या काचेत टॅबलेटवरचा मजकूर दाखवणारा संच, कसा आहे हे अँकरच्या खुर्चीत बसून ठरवायला हवं. कॅमेरामनला जो संच उत्तम वाटतो तो अँकरला रडवू शकतो.

या वर्गातले संच बाजारात पुष्कळ आहेत. नावं वेगळी, रचना जवळजवळ एकच: ४५ अंशांत बसणारी काच, तिच्यामागे काळ्या कापडाचा हूड, खाली टॅबलेटचा ट्रे, कॅमेरा बसवायची पट्टी किंवा १५ मिमीच्या दांड्या, सोबत एक ब्लूटूथ रिमोट आणि एक ॲप. हे परीक्षण या सगळ्या वर्गाचं आहे.

निकाल आधीच सांगतो. काच आणि सांगाडा चांगले असतात. ॲप देवनागरीच्या बाबतीत अर्धवट असतं, पण सांभाळून घेता येतं. रिमोट रोजच्या लाइव्ह बुलेटिनच्या कामाचा नसतो. रेकॉर्ड करून लावायच्या दहा-पंधरा मिनिटांच्या बुलेटिनसाठी संच आहे तसा घ्यायला हरकत नाही. लाइव्हसाठी घेत असाल तर मजकूर सरकवायचं साधन वेगळं घ्यावं लागेल, आणि ते न घेता नुसती मोठी काच किंवा महागडा टॅबलेट घेण्यात काहीच अर्थ नाही.

काच

चांगल्या संचात ७०/३० ची बीम स्प्लिटर काच येते. कॅमेऱ्याकडे ७० टक्के उजेड जातो आणि टॅबलेटवरच्या मजकुराचा ३० टक्के उजेड अँकरकडे परततो. कॅमेऱ्याला यात साधारण अर्ध्या स्टॉपचा तोटा होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं). आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ४०० वर चालणारं काम ५७०-६०० वर न्यावं लागतं, किंवा दिव्यांचा उजेड तेवढा वाढवावा लागतो. ६०/४० ची काच घेतली तर अक्षरं जास्त उजळ दिसतात, पण तोटा पाऊण स्टॉपच्या जवळ जातो. आतल्या स्टुडिओसाठी ७०/३० पुरेशी आहे.

स्वस्त संचात साधी काच किंवा ॲक्रिलिकचा तुकडा देतात. ते घेऊ नका. साध्या काचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब येतं. काच ३ मिमी जाडीची असेल आणि ४५ अंशांत असेल, तर ही दोन प्रतिबिंबं एकमेकांपासून २ मिमीहून थोडी जास्त सरकलेली दिसतात, तीही वर-खाली. रोमन अक्षरांत हे खपून जातं. देवनागरीत मात्र एका ओळीला दोन शिरोरेषा दिसू लागतात, अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, आणि वीस मिनिटांत डोळे दुखायला लागतात. ॲक्रिलिकवर चरे पडतात आणि उष्णतेने ते किंचित वाकतं, मग क्लोज-अपमध्ये चित्र मऊ पडतं.

चांगली काच उलटी बसवली तरी हीच दुहेरी अक्षरं दिसतात. लेप असलेली बाजू अँकरच्या आणि टॅबलेटच्या दिशेने हवी. ती ओळखायला प्लॅस्टिकच्या पेनाचं टोक काचेला अगदी हलकेच लावून पाहा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना चिकटलेलं दिसलं तर ती लेपाची बाजू; मध्ये फट दिसली तर उलटी. एकदा कळलं की चौकटीच्या कोपऱ्यावर खूण करून ठेवा, कारण पुसायला काढलेली काच घाईत उलटी बसते.

पुसताना आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून एका दिशेने फिरवा. अमोनिया असलेला काच-क्लीनर लेप खराब करतो.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. एलसीडी टॅबलेटमधून निघणारा उजेड ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, आणि तिरप्या काचेवरून परतताना एका दिशेचा उजेड जास्त, दुसऱ्या दिशेचा कमी परततो. त्यामुळे काही टॅबलेट आडवे ठेवल्यावर मजकूर फिकट दिसतो आणि उभे ठेवल्यावर ठळक, किंवा उलट. संच लावल्यावर टॅबलेट दोन्ही प्रकारे ठेवून पाहा. फिकट मजकुराचा दोष बऱ्याचदा काचेवर ढकलला जातो, जो तिचा नसतो.

हूडचं कापड लेन्सभोवती घट्ट आवळलेलं असावं. मागून उजेड शिरला तर काचेच्या मागच्या बाजूवरून त्याचं प्रतिबिंब चित्रात येतं. लेन्स काचेच्या जितकी जवळ तितकं बरं. फक्त झूम करताना लेन्सचं तोंड पुढे येत असेल तर पूर्ण झूम करून पाहा, ती काचेला टेकता कामा नये. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीच्या आसपासची रुंद लेन्स लावली की हूडच्या कडा चित्रात येण्याची शक्यता असते. ५० मिमी लेन्सने २ मीटरवरून साधारण १.४४ मीटर रुंदीचं चित्र मिळतं, म्हणजे टेबलासकट मिडशॉट, आणि बातम्यांसाठी हीच जुळणी सोयीची आहे.

अंतर, अक्षर आणि नजर

प्रॉम्प्टरवरून वाचणारा अँकर प्रेक्षकाला दोन गोष्टींवरून कळतो: डोळे डावी-उजवीकडे धावतात, किंवा नजर लेन्सच्या थोडी वर लागलेली दिसते. दोन्हींचा इलाज मोजपट्टीने होतो.

११ इंची टॅबलेट आडवा ठेवला तर मजकुराची ओळ सुमारे २३ सेंमी रुंद होते. २ मीटरवरून ती वाचताना नजर साडेसहा अंश फिरते, आणि क्लोज-अपमध्ये ते स्पष्ट दिसतं. ॲपमध्ये दोन्ही बाजूंचा समास वाढवून ओळ १५-१६ सेंमीवर आणली की हाच कोन साडेचार अंशांवर येतो. एका ओळीत तीन, फार तर चार शब्द बसतील. ते कमी वाटतात, पण डोळा जवळजवळ एका जागी थांबून ती ओळ उचलतो, आणि हवंही तेच आहे.

अक्षराच्या उंचीचं गणितही असंच आहे. ६/६ नजरेच्या माणसाला २ मीटरवरून जेमतेम ३ मिमी उंचीचं अक्षर ओळखता येतं. ताण न घेता, चेहरा सैल ठेवून वाचायला त्याच्या चार-पाच पट उंची लागते, म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत १२ ते १५ मिमी. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार धरले तर एका ओळीला सुमारे ३ सेंमी जागा द्यावी लागते. आडव्या ११ इंची पडद्यावर अशा पाचच ओळी मावतात. उभ्या पडद्यावर सात-आठ मावतात आणि ओळही आपोआप अरुंद होते. म्हणून शक्य असेल तर टॅबलेट उभाच ठेवा. मात्र घेण्याआधी तपासा: पुष्कळ ट्रेमध्ये उभा टॅबलेट बसतो, पण काच बुटकी असल्यामुळे मजकुराचा एक तुकडा प्रतिबिंबातून कापला जातो.

कॅमेरा अडीच मीटरच्या पुढे नेला तर ११ इंची टॅबलेट अपुरा पडतो. तिथे १३ इंची टॅबलेट किंवा १५ इंचांपुढचा मॉनिटरच हवा.

वाचायच्या ओळीची खूण लेन्सच्या बरोबर मध्यावर आणा. बहुतेक ॲपमध्ये ही खूण मुळात पडद्याच्या वरच्या भागात असते, म्हणजे पुढच्या जास्त ओळी दिसतात. पण खूण लेन्सच्या मध्याच्या ५ सेंमी वर राहिली तर २ मीटरवर नजर जवळजवळ दीड अंश वर जाते आणि अँकर प्रेक्षकाच्या कपाळाकडे पाहून बोलतोय असं वाटतं. खूण कुठे आहे ते कॅमेऱ्याच्या मागून कळत नाही. खुर्चीत बसून, एक डोळा मिटून, लेन्सचं वर्तुळ आणि खूण एकमेकांवर येतात का ते पाहावं लागतं. खुर्चीची उंची बदलली की हे पुन्हा करावं लागतं.

चष्मा वापरणाऱ्या अँकरसाठी हे आणखी महत्त्वाचं. प्रोग्रेसिव्ह काचांमध्ये (दूरचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या) दोन मीटरचा भाग नेमका एका पट्ट्यात असतो. ती पट्टी शोधायला हनुवटी वर जाते आणि चेहरा आढ्यतेखोर दिसतो. रोज बुलेटिन करणाऱ्याने डोळ्यांच्या डॉक्टरांना प्रॉम्प्टरचं अंतर मोजून सांगावं आणि त्या एकाच अंतराचा, परावर्तनरोधक लेपाचा चष्मा करून घ्यावा. अंतर मोजताना डोळ्यापासून काचेपर्यंत आणि काचेपासून टॅबलेटपर्यंत, दोन्ही मिळवायची.

वेग कुणाच्या हातात

संचाचा खरा कस इथे लागतो, आणि इथेच तो कमी पडतो.

सोबत येणाऱ्या ब्लूटूथ रिमोटवर सहसा चालू-बंद, वेग वाढव, वेग कमी कर आणि मागे-पुढे अशी बटणं असतात. एकदा वेग ठरवायचा आणि मजकूर त्या वेगाने सरकत राहणार, ही त्यामागची कल्पना. भाषण रेकॉर्ड करायला ती ठीक आहे. बातमी एका वेगाने वाचली जात नाही. हेडलाइन चटचट जातात, दुर्घटनेच्या बातमीची पहिली ओळ संथ जाते, परक्या नावापाशी थांबावं लागतं, बाइटवर टाकण्याआधीचं वाक्य उतरतं ठेवावं लागतं. वेग यंत्राच्या हाती दिला की अँकर मजकुराच्या मागे धावतो. त्याच्या खुणा ओळखू येतात: श्वास वाक्याच्या मध्येच घेतला जातो, वाक्याचा शेवट गिळला जातो, दोन बातम्यांमधला विराम नाहीसा होतो आणि डोळे विस्फारलेले राहतात. वर्षभर असं वाचणाऱ्या अँकरचा आवाज सपाट होऊन जातो, आणि ही सवय पुढे मोडायला फार त्रास होतो.

रिमोटची दुसरी अडचण अधिक धोक्याची आहे. बॅटरी वाचवायला तो काही मिनिटं वापर झाला नाही की झोपतो. लांबलेला फोनो (फोनवरून बातमीदाराशी बोलणं) किंवा पाठोपाठ लागलेली दोन पॅकेज (आधीच तयार करून ठेवलेल्या बातम्या), म्हणजे नेमकी तेवढीच विश्रांती. पॅकेज संपतं, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागतो, अँकर बटण दाबतो, आणि ते पहिलं दाबणं फक्त रिमोटला जागं करण्यात जातं. मजकूर जागचा हलत नाही. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत एक-दोन सेकंद हवेत गेलेले असतात. पर्याय नसेल तर पॅकेज संपायच्या दहा सेकंद आधी एक बटण पुढे आणि एक मागे दाबून रिमोट जागा ठेवा. शिवाय ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. त्याच पट्ट्यात वाय-फाय आणि काही बिनतारी माइकही असतात. स्टुडिओत ही गर्दी असेल तर बटण दाबणं आणि मजकूर हलणं यांत उशीर होतो.

संगीतवाले पानं उलटायला वापरतात ते ब्लूटूथ पेडल काही जण प्रॉम्प्टरला जोडतात. ते कीबोर्डच्या कळांसारखा संदेश पाठवतं, म्हणून मजकूर सरकत नाही, उडी मारतो. नजर दर उडीला तळातून वर झेपावते आणि पडद्यावर दिसते. नको.

कामाचं साधन म्हणजे तारेने जोडलेलं चाक किंवा गोल नॉब. मध्यभागी थांबा, पुढे फिरवलं की पुढे, जितकं जास्त फिरवलं तितकं वेगात, मागे फिरवलं की मागे. डोळ्यांनी पाहावं लागत नाही, बोटाला कळतं. टॅबलेटला हे सहज जोडता येत नाही, आणि इथेच टॅबलेट सोडून लॅपटॉप व मॉनिटरवर यायचा विचार करावा लागतो. खास नॉब मिळेपर्यंत यूएसबीच्या साध्या माउसचं चाकही चालतं. फक्त संगणकाच्या सेटिंगमध्ये एका खाचेला तीनऐवजी एक ओळ करा. लॅपटॉपवर क्यूप्रॉम्प्ट हे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे आणि छोट्या स्टुडिओचं काम त्यावर भागतं.

नॉब टेबलाच्या खालच्या कडेला, हातवारे न करणाऱ्या हाताशी, पक्का चिकटवून बसवा. सुटा हातात धरला तर खांदा हलतो, आणि टेबलावर ठेवला तर त्याची खटखट कपड्यावर लावलेल्या लेपल माइकमध्ये येते.

प्रॉम्प्टरसाठीच बनवलेलं, पायाच्या दाबाप्रमाणे वेग बदलणारं पेडलही चांगलं साधन आहे, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. टाच जमिनीवर टेकवून फक्त चवड्याने दाबायची सवय लावावी लागते. टाच उचलली की मांडी ताठते आणि तो ताण थेट खांद्यांत दिसतो. पेडल घसरतं, म्हणून खाली रबरी चटई आणि चारही बाजूंनी गॅफर टेप. उभ्याने बुलेटिन करणाऱ्यांना पेडल जमत नाही, एका पायावर भार जातो.

आवाज ऐकून मजकूर आपोआप पुढे नेणारी ॲप आता आली आहेत. घरच्या सरावाला छान. लाइव्हला अजून नको, आणि त्याची कारणं ठोस आहेत. स्टुडिओत बाइटचा आवाज स्पीकरवर चालू असेल तर ॲप त्याच्यामागे जाऊ पाहतं. सहअँकर बोलला की गोंधळतं. परकी नावं ओळखत नाही. आणि मजकुरात '३२५' लिहिलेलं असताना अँकर 'सव्वातीनशे' म्हणाला की तिथेच अडून बसतं.

या सगळ्याहून चांगला उपाय म्हणजे दुसरा माणूस, अगदी शिकाऊ असला तरी. १९५० मध्ये अमेरिकेत फ्रेड बार्टन, ह्युबर्ट श्लाफ्ली आणि अर्व्हिंग कान यांनी पहिला टेलिप्रॉम्प्टर आणला तेव्हा त्यात कागदाची गुंडाळी होती, आणि बोलणाऱ्याच्या गतीने ती फिरवायला माणूस होता. शिकाऊ ऑपरेटरला चार गोष्टी सांगून बसवा: बोलली जाणारी ओळ कायम खुणेवर ठेव, अँकरच्या पुढे धावू नकोस, कानात प्रोग्रॅमचा आवाज ठेव, आणि अँकर मजकूर सोडून बोलायला लागला की हात थांबव, मजकूर शोधत वर-खाली करू नकोस, तो परत तिथेच येणार आहे.

आणि टेबलावर छापील कागद असायलाच हवेत, रनडाऊनच्या (बुलेटिनमधल्या बातम्यांच्या यादीच्या) क्रमाने, एका बाजूला छापलेले, पिना न मारलेले. बातमी संपली की तिचा कागद बाजूला सारायचा, प्रॉम्प्टर नीट चालत असला तरी. न सारलेले कागद प्रॉम्प्टर बंद पडल्यावर उपयोगाचे नसतात, कारण आपण कुठे आहोत हे शोधण्यातच पाच सेकंद जातात.

देवनागरीचा प्रश्न

या संचांची ॲप रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. विकत घेण्याआधी एक ओळ टाकून पाहा: 'उद्ध्वस्त दऱ्या, वाङ्मय, कर्मचाऱ्यांनी, ॲम्ब्युलन्स, द्वंद्व, शृंगार'. यात काहीही तुटलं, चौकोन आला किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर ते ॲप नको.

सगळ्यात जास्त त्रास जुन्या फॉन्टमधून येतो. डेस्कवर अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होत असेल तर मजकूर टॅबलेटवर निरर्थक चिन्हांचा होतो. कन्व्हर्टरमधून काढला तरी ठरावीक जागी तो चुकतो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, रफार एक अक्षर मागे-पुढे सरकतो, ॲ आणि ऑ गळतात. छापील कागदावर वाचक मनातल्या मनात दुरुस्त करतो. लाइव्ह वाचताना तोंड डोळ्यांमागे जातं आणि 'दर्याखोर्यांत' असंच बाहेर पडतं. कन्व्हर्ट केलेला मजकूर बुलेटिनच्या आधी एकदा मोठ्याने वाचलाच पाहिजे. डेस्क कायमचं युनिकोडवर नेणं हाच यावरचा उपाय.

ओळींमधलं अंतर दीडपट ते पावणेदोनपट ठेवा. कमी ठेवलं तर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले की वरचा भाग कापला जातो. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच हवं. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा दिसतो. फॉन्ट जाड आणि साधा घ्या. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांचं सेमी-बोल्ड वळण लांबून स्वच्छ वाचता येतं. फार जाड घेतला तर घ-ध आणि भ-म यांतल्या फटी बुजतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं ठेवा. पांढऱ्या पडद्याचा उजेड काचेवर पसरतो आणि चष्म्याच्या काचांत चमकतो.

मराठीत शब्दयोगी अव्ययं चिकटून येतात, त्यामुळे 'अर्थसंकल्पाविरोधातल्या' हा एकच शब्द अरुंद ओळ खाऊन टाकतो. ॲपची आपोआप शब्द तोडायची सोय बंद ठेवा. नाव आणि आडनाव, आकडा आणि एकक, 'होऊ शकत नाही' यासारखी क्रियापदं एकाच ओळीत राहतील असं पाहा. 'नाही' पुढच्या ओळीवर गेला तर वाक्याचा सूर चुकीच्या दिशेने चढतो आणि मग सावरता येत नाही.

आकडे बोलायचे तसे लिहा. १,७५,००० लिहू नका, 'पावणेदोन लाख' लिहा. २५० ऐवजी 'अडीचशे', ३.५ ऐवजी 'साडेतीन'. मराठीत शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा शब्द आहे, आणि वेगात ५९ आणि ६९, ७९ आणि ८९ यांची अदलाबदल अनुभवी अँकरकडूनही होते. अक्षरांत लिहिलं की ती होत नाही. फोन नंबर तेवढे अंकांत, दोन-दोनच्या गटात. बाइट, व्हीओ (दृश्यांवर वाचायचा मजकूर), फोनो, ब्रेक या सूचना चौकटी कंसात आणि वेगळ्या रंगात ठेवा, नाहीतर कधीतरी त्या वाचल्या जातात.

बुलेटिनची लांबी मोजताना इंग्रजी न्यूजरूममधला सेकंदाला तीन शब्दांचा हिशेब मराठीला लावू नका. मराठी शब्द लांब असतात, म्हणून अंदाज कमी निघतो आणि शेवटची बातमी कापावी लागते. प्रत्येक अँकरने आपल्या बातमीच्या गतीने पूर्ण एक मिनिट वाचून शब्द मोजावेत आणि तोच दर ॲपमध्ये भरावा. गंभीर बातम्या आणि हेडलाइन यांचे दर वेगळे निघतील. दोन्ही लिहून ठेवा.

टॅबलेट, तिपाई आणि बाकीचं

सामान्य टॅबलेटचा उजेड साधारण ५०० निट्सचा असतो (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप). काचेवरून त्यातला ३० टक्के, म्हणजे १५० निट्सच अँकरपर्यंत पोहोचतो. स्टुडिओत पुरतो. उन्हात नाही, बाहेरच्या कामाला १००० निट्सच्या वरचा मॉनिटर लागतो, तोही सावलीत. स्थानिक बातमीदाराला बाहेरून लाइव्ह देताना प्रॉम्प्टर नसलेलाच बरा.

ऑटो-लॉक बंद, ऑटो-ब्राइटनेस बंद, विमान मोड चालू, ब्लूटूथ परत चालू, सूचना बंद, सॉफ्टवेअर अपडेट बंद, चार्जर जोडलेला. पूर्ण उजेडावर, काळ्या हूडखाली, दिव्यांच्या उष्णतेत टॅबलेट तापतो आणि स्वतःहून पडदा मंद करतो. बॅटरी संपण्यापेक्षा हे जास्त वेळा घडतं. त्याच्या पाठीमागे बोटभर फट राहील असा ट्रे हवा.

संच आणि टॅबलेटचं वजन कॅमेऱ्याच्या पुढे पडतं. कॅमेरा पट्टीवर मागे सरकवून तोल साधा आणि तिपाईचं डोकं एकूण वजनाच्या वरच्या क्षमतेचं घ्या. डोकं हळूहळू पुढे झुकत असेल तर बुलेटिनच्या शेवटी अँकरच्या डोक्यावरची जागा कमी झालेली दिसते.

दोन अँकर, दोन-तीन कॅमेरे असतील तर टॅबलेटचा नाद सोडा. वाय-फायवरून दोन टॅबलेट एकत्र चालवणारी ॲप आहेत, पण दोघांमध्ये फरक पडतो आणि कॅमेरा बदलल्यावर अँकरची ओळ हरवते. एक लॅपटॉप, एक एचडीएमआय स्प्लिटर (एकच चित्र अनेक मॉनिटरना देणारा डबा) आणि प्रत्येक कॅमेऱ्यावर मॉनिटर, हेच बरोबर. मॉनिटरमध्येच चित्र उलटं करायची सोय असावी. नसेल तर सॉफ्टवेअरने उलटवावं लागतं आणि काही सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेटरलाही उलटी अक्षरं वाचत बसावी लागतात. ईएनपीएस किंवा आयन्यूजसारखी न्यूजरूम प्रणाली असेल तर एमओएस प्रोटोकॉल (अशा प्रणाली आणि स्टुडिओतली उपकरणं यांच्यातली ठरलेली भाषा) समजणारं प्रॉम्प्टर सॉफ्टवेअर घ्या, म्हणजे रनडाऊनमध्ये बातमी वर-खाली केली की प्रॉम्प्टरवरही ती हलते. टॅबलेटवर हे हाताने करावं लागतं, आणि बऱ्याच ॲपमध्ये मजकूर बदलला की पान थेट सुरुवातीला उडी मारतं. बुलेटिन चालू असताना बदललेली बातमी कागदावर आणून द्या, टॅबलेटला हात लावू नका.

कुणी घ्यावा

अँकर होऊ पाहणाऱ्याने घरच्या सरावासाठी हा संच जरूर घ्यावा. नोकरीच्या स्क्रीन टेस्टमध्ये न पाहिलेला मजकूर प्रॉम्प्टरवरून वाचायला दिला जातो, आणि ते नुसत्या आरशासमोरच्या सरावाने येत नाही. सराव मात्र दोन प्रकारे करा: एकदा पूर्ण मजकूर लावून, आणि एकदा त्याच बातमीचे चारच मुद्दे लावून. ब्रेकिंग न्यूजला प्रॉम्प्टर कोरा असतो, टॉकबॅकवर (अँकरच्या कानातल्या यंत्रावर) प्रोड्युसर अर्धवट माहिती सांगत असतो, आणि अँकरला त्यातून वाक्यं उभी करावी लागतात. पूर्ण मजकुराचीच सवय असलेला अँकर तिथे अडतो आणि त्याची वाढ खुंटते. स्थानिक वाहिनीत बातमीदारी करून खुर्चीत आलेले अँकर इथे उजवे ठरतात, ते यामुळेच.

एका कॅमेऱ्याच्या छोट्या स्टुडिओने सांगाडा आणि काच या वर्गातलीच घ्यावी, टॅबलेटच्या जागी ट्रेमध्ये बसणारा छोटा मॉनिटर ठेवावा, आणि तारेचा नॉब घ्यावा. रोज लाइव्ह असेल तर नॉबसाठी थांबावं लागलं तरी थांबा. माल हातात आल्यावर परत करायची मुदत संपण्याआधी चार गोष्टी तपासा: पेनाने काचेची लेपाची बाजू, उभ्या आणि आडव्या टॅबलेटचा उजेड, पूर्ण झूमला लेन्स आणि काच यांतलं अंतर, आणि दहा मिनिटं न वापरता ठेवलेल्या रिमोटचं पहिलं बटण.